८ स्पीड कॅसेट सुटी केली, आता ११ दात्यांवर चेन उतरत नाही

घाटमाथा:
शिमानोची ८ स्पीड, ११-३२ कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा) धुण्यासाठी पूर्ण सुटी केली, आरपार जाणाऱ्या बारीक पिनासुद्धा काढल्या. चकत्यांचा क्रम दाते मोजून लागला: ३२, २८, २४, २१, १८, १५, १३, ११. अडलंय ते रिंगांवर. प्लास्टिकच्या एकसारख्या ६ आणि धातूची एक पातळ. आठ चकत्यांत फटी सात, म्हणून उरलेली पातळ रिंग १३ आणि ११ च्या मध्ये घातली. लॉकरिंग (गठ्ठा बाहेरून आवळणारं कडं) घट्ट बसलं. पण ३२ ते १३ नीट चालण्यासाठी बॅरल (केबलचा ताण बदलायचा स्क्रू) बराच फिरवावा लागला आणि L स्क्रूही (चेन आरांकडे किती जाईल ते ठरवणारा) सैल करावा लागला. आता ११ वर चेन उतरत नाही, कधी मधल्या फटीतच रुतते. पातळ रिंग काढून पाहिली तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट खुळखुळते. मागचं चाक मूळचं नाही, नंतर बदललेलं आहे. एखादी रिंग हरवली असेल का? की नवी कॅसेट घ्यावी?

तेलकट हात:
काही हरवलेलं नाही, कॅसेटवर पैसे घालू नका.

११ ची चकती पालथी करून बघा. मागच्या अंगाला उचललेलं कडं दिसेल, तो तिचा अंगचाच स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी रिंग. म्हणून १३ आणि ११ च्या मध्ये वेगळी रिंग लागत नाही. फटी सात, रिंगा सहा, हिशेब बरोबर आहे. पातळ रिंग चकत्यांमधली नाहीच. ती सगळ्यांत आधी, ३२ च्याही मागे, फ्रीहबच्या (चाकाच्या ज्या दंडगोलावर चकत्या बसतात त्याच्या) बुडाशी जाते.

बदललेलं चाक ११ स्पीड रोड फ्रीहबचं असणार. तो फ्रीहब ८/९/१० वाल्यापेक्षा १.८५ मिमी लांब असतो आणि ती तफावत भरायला ही रिंग. ती काढल्यावर कॅसेट खुळखुळते यावरूनच ओळखता येतं: लॉकरिंग कॅसेटला दाबण्याआधी फ्रीहबच्या काठाला टेकतं. खात्रीसाठी व्हर्नियरने रिंगची जाडी बघा.

ती रिंग कुठेही घातली तरी एकूण जाडी तेवढीच, त्यामुळे लॉकरिंगला चूक कळत नाही. चकत्यांना कळते. बुडाशी रिंग नसल्याने ३२ ते १३ या सातही चकत्या १.८५ मिमी आरांकडे सरकल्या, ११ मात्र जागच्या जागी राहिली. ८ स्पीडमध्ये एका चकतीपासून दुसरी ४.८ मिमीवर हवी (चकती १.८, स्पेसर ३). तुमची १३ ते ११ ही उडी ६.६५ ची झाली. शिफ्टर (गियर बदलायचा खटका) एका टिचकीला डेरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ४.८ च हलवणार, मग चेन मध्ये अडकणारच.

गियर बिघडले की आधी बघायचं, बिघाड सगळीकडे सारखा आहे की एका चकतीपासून पुढे सुरू होतो. सगळीकडे सारखा असेल तर केबल. एका ठिकाणापासून असेल तर तिथली रिंग चुकलीय, तिथे बॅरल कितीही फिरवा.

चक्रधर:
निदानाला +१. जोडणीबद्दल थोडं.

फ्रीहबच्या खाचांपैकी एक इतरांपेक्षा रुंद असते आणि प्रत्येक चकतीच्या आत एक दाता तसाच रुंद. ते जुळवूनच सरकवा. जोर लावावा लागला तर काहीतरी चुकतंय. अक्षरं-आकडे कोरलेली बाजू बाहेर, म्हणजे तुमच्याकडे. चेन मोठ्या चकतीवर चढायला लागणारे उतार त्याच अंगाला असतात. क्रम असा: पातळ रिंग, ३२, रिंग, २८, रिंग, असं करत १५, रिंग, १३ आणि त्याला चिकटून ११.

पिना परत घालायची गरज नाही. त्या फक्त कारखान्यातून निघताना गठ्ठा एकत्र ठेवायला असतात. फ्रीहब ॲल्युमिनियमचा असेल तर सुट्या चकत्या त्यात खाचे पाडतात, ते उंचवटे कानशीने हलकेच घासून टाका. खाचांवर ग्रीसचा पातळ हात, लॉकरिंगच्या आट्यांवरही. चकत्यांच्या दात्यांना ग्रीस अजिबात नको, धूळ धरते.

लॉकरिंग पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच फिरवा. आडवं बसलं तर ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. शेवटी कटकट आवाज येतो तो लॉकरिंगच्या खरबरीत कडेचा, घाबरू नका. चेन व्हिप (चकत्या फिरू न देणारा साखळीचा पाना) फक्त काढताना लागतं. आवळताना फ्रीहब स्वतःच अडतो, चाक हाताने धरलं की झालं.

सह्यवारा:
जोर किती? टॉर्क पाना नाही.

चक्रधर:
लॉकरिंगवर ४० न्यूटन-मीटर छापलेलं असतं. ३० सेंमी लांब पाना असेल तर टोकाला साधारण साडेतेरा किलोचा भार. एकदा वजनकाट्यावर हाताने दाबून अंदाज घ्या, हात लक्षात ठेवतो.

सह्यवारा:
धन्यवाद. ९ स्पीडच्या दोन रिंगा तुटल्यात, घरी ८ स्पीडच्या पडून आहेत. चालतील?

तेलकट हात:
नाही. ९ स्पीडची रिंग २.५६ मिमी, ८ ची ३. दोन्ही बदलल्या की पुढच्या चकत्या ०.८८ मिमी सरकतात. ९ स्पीडमध्ये दोन चकत्यांतलं अंतरच ४.३४ आहे, पाचवा हिस्सा गेला. खटखट चालूच राहील. १० स्पीडची २.३५ ची रिंगही नको. दुकानात 'वायसर' म्हणून मागितलं तर हाताला येईल ती देतील. ९ स्पीडची म्हणून सांगा आणि तिथेच मोजून घ्या.

जुन्या डब्यातलं लॉकरिंग वापरणार असाल तर तेही बघा. १२ दात्यांच्या चकतीचं लॉकरिंग मोठ्या व्यासाचं असतं, ११ वर लावलं तर चेन त्याच्यावर घासते.

घाटमाथा:
रिंग मोजली, १.८५ च. ३२ च्या मागे घातली, १३ वर थेट ११. लॉकरिंग घट्ट, खुळखुळ गेली. आता बॅरल उलटा फिरवायचा ना?

चक्रधर:
बॅरल नंतर. आधी L स्क्रू. तो तुम्ही आत सरकलेल्या ३२ साठी सैल केला होता. ३२ आता १.८५ मिमी बाहेर आली, पण डेरेलरला आत जायची मुभा तशीच आहे. चढावर पहिला गियर टाकलात की चेन ३२ ओलांडून आरांत जाईल.

सायकल स्टँडवर घ्या किंवा उलटी करा. पॅडल हळू फिरवत चेन ३२ वर आणा. डेरेलरच्या वरच्या चाकाचे दाते मागून पाहिल्यावर ३२ च्या बरोबर खाली येईपर्यंत L स्क्रू घड्याळाच्या दिशेने आवळा. मग डेरेलर बोटाने आत ढकलून बघा, चेन आरांकडे जायला नको. त्यानंतर चेन ११ वर नेऊन बॅरल पूर्ण आत फिरवा, एक-दोन फेरे बाहेर घ्या आणि १३ वर एका टिचकीत चढते का ते पाहा. चढायला वेळ लागला तर बॅरल पाव-पाव फेरा बाहेर.