शूटिंग रेंजवरच्या बारीकसारीक दुखापती आणि अंगावरचं सामान – तुमचे अनुभव सांगा

रानजाई
स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून) ब्राँझ आणल्यापासून आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांतली पोरं रेंजवर जायला लागलीयत, आणि आयांचा पहिला प्रश्न एकच, "गोळी लागत नाही ना गं कुणाला?" मी हौशी एअर रायफलवाली, मला तरी गोळीची भीती कधी वाटली नाही, त्रास सगळा बाकीच्याच गोष्टींचा. क्लबच्या जुन्या ब्रेक-बॅरल (नळी मधून वाकवून भरायच्या) रायफलनं अंगठ्याचं नख काळं झालेलं मी किती जणांचं बघितलंय. पेलेट (एअर गनची छोटी गोळी) भरताना वाकवलेली बॅरल दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवायची आणि ट्रिगरच्या आसपास बोटसुद्धा न्यायचं नाही, कारण त्या वेळी ट्रिगर दाबला गेला तर बॅरल फाडकन वर येते. अजून एक निरीक्षण, शूटिंगच्या जाड जॅकेटवर लोक वाट्टेल तेवढा खर्च करतात कारण त्यानं स्कोअर वाढतो, पण कानातले बोळे आणि चष्मा यांच्यासाठी पाकीट उघडत नाही. म्हणून हा धागा. लायसन्स आणि कुठली बंदूक भारी यावर इथे भांडू नका प्लीज.

माजी कॅडेट
आमच्या एनसीसी कॅम्पात पॉइंट टू टू रायफल असायची, एकदा थ्री नॉट थ्री पण मिळाली. उस्ताद ओरडून सांगायचे बट खांद्यात दाबून धर, हसलीच्या हाडावर ठेवू नको, पण आडवं पडल्यावर बारीक पोरांचा बट हळूहळू हाडावर सरकतोच. एकेक राऊंड झाला की खांदा निळा, नंतर पिवळा हिरवा, आणि होस्टेलवर तो शर्ट काढून दाखवायची चढाओढ. खांदा बरा झाला हो, कानाचं काय? कापसाचे बोळे वाटायचे आणि तेही अर्धे जण काढून टाकायचे कारण कमांड ऐकू येत नाही. रात्री झोपताना डाव्या कानात कुकरची शिट्टी लांबून यावी तसा आवाज यायचा, तो आता कायमचा राहायला आलाय.

कानवाला डॉक्टर
माजी कॅडेट, उजव्या हातानं रायफल चालवणाऱ्याचा डावा कान जास्त बिघडतो हे आम्ही नेहमी बघतो, कारण तो नळीच्या तोंडाच्या बाजूला येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. पॉइंट टू टू चा आवाज "टिचकीएवढा" वाटतो पण तोही १४० डेसिबलच्या आसपास जातो, बारा बोअरची शॉटगन त्याच्याही वर. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. कापूस निरुपयोगी आहे, हे ठळक अक्षरात वाचा. फोमचे प्लग चालतात पण नुसते कानाच्या तोंडाशी चिकटवून उपयोग नाही: बोटांनी वळून बारीक करा, डोक्यावरून दुसरा हात नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा. बाहेरून बघणाऱ्याला प्लगचं टोक जेमतेम दिसलं पाहिजे. बंदिस्त रेंज असेल तर वरून मफ (कान झाकणाऱ्या वाट्या) पण घाला, दोन्ही मिळून बेरीज होत नाही, पाचेक डेसिबल वाढतात, पण घाला.

पंचगंगाकाठ
कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर बघत बघत मोठं झालेलं पोर आहे मी, तेजस्विनी सावंतताईंनी २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली तेव्हा आमच्यात लई दंगा होता. मी प्रोन (आडवं पडून) आणि थ्री पी (थ्री पोझिशन) करतो. दुखापत म्हणाल तर स्लिंग. दंडाला पट्टा आवळला की स्थिर वाटतंय, म्हणून माणूस अजून एक भोक आवळतो, आणि सिरीजच्या मध्येच हात बधिर, करंगळी हाय का नाय कळत नाही, वर नाडीचे ठोके थेट साइटमध्ये दिसायला लागतात. बधिरपणा रात्रीपर्यंत राहिला तर समजा नस दाबलीय, पट्टा सैल करा नायतर जागा बदला. दुसरं हँडस्टॉप, म्हणजे रायफलखाली पुढचा हात अडवणारा ठोकळा. अंगठा आणि तर्जनीमधली जी मऊ कातडी असते तिच्यावर सगळं वजन येतं, बिनग्लोव्हचं केलं की तिथं आधी लाल रेघ, मग फोड, मग फोडावर फोड. ग्लोव्ह घेताना नेमकी त्याच जागेवर पॅडिंग हाय का ते दाबून बघा, बोटांवर कितीबी असू द्या. आणि निलिंगला (गुडघ्यावर बसून मारताना) घोट्याखाली रोल, म्हणजे गोल उशी, नीट भरलेला नसंल तर उठताना पाय गेलेला असतो, रायफल हातात घेऊन उठायचं नाही, आधी खाली ठेवा. मे महिन्यात जॅकेटच्या आत घामोळं येतंय त्याला औषध नाही, आत सुती बनियन घाला आणि डिटेल (आपली मारायची पाळी) संपली की लगेच बटणं सोडा.

डलासची मावशी
इकडे इनडोअर रेंजवर भाच्यांना घेऊन जाते. माझा अनुभव गरम पुंगळीचा, म्हणजे गोळी सुटल्यावर बाहेर उडणाऱ्या रिकाम्या काडतुसाचा. शेजारच्या लेनवाल्याची रिकामी पुंगळी भिंतीवर आपटून सरळ माझ्या टॉपच्या गळ्यात. भाजलं म्हणजे काय, वाटाण्याएवढा डाग, बर्नॉल लावून संपलं असतं. पण त्या क्षणी माणूस नाचतो आणि हातात भरलेलं पिस्तूल असतं, खरी भीती ती. आमचा इन्स्ट्रक्टर म्हणतो जळू दे, आधी पिस्तूल टार्गेटकडे तोंड करून खाली ठेव, मग काय तो गरबा कर. तेव्हापासून बंद गळ्याचा टीशर्ट आणि पुढे झाप असलेली टोपी, कारण पुंगळी चष्मा आणि भुवईच्या मध्येही अडकते. आणि सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलाला मागून अंगठ्याची कैची घालू नका, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे येताना कातडी सोलून नेते. माझ्या भाच्याला टाके पडलेत.

चिऊची आई
माझा मुलगा एअर पिस्तूल करतो. तिथली बरीच मुलं सरावाच्या मधेच त्याच हातांनी वडापाव खातात ते बघून मला कसंतरी होतं. पेलेट शिशाच्याच असतात ना? मी जास्त घाबरतेय का?

जुना नेमबाज
ताई एवढं काय नसतं हो. आमच्या काळी पाच-पाच पेलेट ओठात धरून एकेक काढून भरायचो, पटापट होतं. अजून धडधाकट आहोत.

कानवाला डॉक्टर
काका, तुम्ही धडधाकट आहात याचा आनंद आहे, पण ओठात शिसं धरायचं नाही म्हणजे नाही. चिऊची आई, तुम्ही बरोबर आहात. लहान मुलांच्या अंगात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त मुरतं आणि मेंदूवर परिणाम करतं. रेंजवर खाणं बंद, निघताना साबणानं हात आणि तोंड धुवायचं, सॅनिटायझरनं शिसं जात नाही. रेंजचे कपडे वेगळे धुवा. पेलेट ट्रॅपच्या (टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीच्या) आसपास कोरडा झाडू मारत असतील तर त्यांना ओल्या फडक्यानं पुसायला सांगा आणि मुलांना तेवढा वेळ बाहेर काढा.

ट्रॅपवाला
आमच्याकडे क्ले, म्हणजे हवेत उडवलेली थाळी शॉटगननं फोडायची. १०५ ग्रॅमची थाळी आकाशात फुटते, वारा समोरून असला की तुकडे आपल्याकडे येतात. माझ्या मित्राच्या साध्या काचेच्या चष्म्याला तडा गेला, डोळा वाचला. ऑप्टिशियनला पॉलिकार्बोनेट असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो नंबर काढून साधी प्लास्टिक काच बसवून देतो. आणि गालफडावर जखम होत असेल तर आधी स्टॉकचा (दस्त्याचा) गाल टेकतो तो वरचा भाग बघून घ्या, गाल वर उचलून मारताय म्हणजे फिटिंग चुकलंय, टेप लावून वर्षं काढू नका.

रानजाई
पिस्तूलवाल्यांचे कोपर-खांदे राहिलेच की. पिस्तूलवाल्या राही सरनोबतचं करिअर कोपरामुळे मधे अडलं होतं, नंतर २०१८ ला जकार्तात एशियन गेम्सचं सोनं घेतलं तिनं. सकाळी आल्या आल्या वॉर्मअप न करता थंड हातानं किलोभर वजन सरळ धरून उभं राहणारे खूप दिसतात.

लेन नंबर १
मी रेंज ऑफिसरचं काम बघतो. दोन गोष्टी. एक, एअर गनचा सिलिंडर. आत २०० बारपर्यंत दाबानं हवा असते आणि त्याच्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते, कंपनीनं दिलेली मुदत, बहुतेकदा दहा वर्षं, संपली की तो वापरायचा नाही, कितीही चकाचक दिसू दे. सेकंडहँड घेताना लोक नळी डोळ्याला लावून बघतात, तारीख कुणी वाचत नाही. दोन, आवाज वाढवून देणारे इलेक्ट्रॉनिक मफ सरावाला ठीक, मॅचमध्ये खेळाडूला आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात चालत नाहीत, तेव्हा साधा मफ घालायची सवय आधीपासून करा.

चिऊची आई
धन्यवाद सगळ्यांना. माझा मुलगा चष्मा लावतो, मफ घातला की काडीपाशी फट राहते, काय करू?

लेन नंबर १
जाड काडीची फ्रेम बदलून बारीक चपटी घ्या, आणि आत फोमचा प्लग घालाच. एअर पिस्तूलला एवढा आवाज नसतो, पण शेजारी पॉइंट टू टू चालू असेल तर लागेल. मफ घालून त्याला हळू आवाजात काहीतरी बोलून बघा, लगेच "काय?" म्हणाला तर बसलाय.

चिऊची आई
तो मफ न घालताही तेच म्हणतो :)