बाथरूमच्या दिव्याच्या पॉइंटवरून एक्झॉस्ट फॅन: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत १९९४ च्या इमारतीत राहतो. बाथरूमला काचेच्या पट्ट्यांची एवढीशी खिडकी, तीही डक्टमध्ये उघडणारी. पावसाळ्यात छताला बुरशीचे काळे ठिपके, रंगाचे पोपडे आणि टॉवेलला कायम कुबट वास. वरच्या पट्ट्या काढून तिथे सहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवायचाय. पत्र्याच्या बॉडीचा, ३५ वॅटचा पंखा आणूनही ठेवलाय. घोडं अडलंय वायरिंगपाशी.

बाथरूममध्ये एकच बल्ब. बटण बाहेर पॅसेजच्या बोर्डावर. कन्सील पाइपातून बल्बपर्यंत दोनच वायरी, लाल आणि काळी. दिव्यांचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) ६ अँपियरचा, गीझरची लाइन वेगळी.

वायरमन म्हणाला, बल्बच्या होल्डरमधूनच दोन वायरी घेऊ, दहा मिनिटांचं काम. बायकोचं म्हणणं, अंघोळ करून माणूस दिवा बंद करणार, त्याबरोबर पंखाही थांबणार, मग वाफ जाणार कुठे? मला ते पटलं. तर आता तो म्हणतो, पंख्याला वेगळं बटण देऊ, पण न्यूट्रल (करंटची परतीची वायर) गीझरच्या पॉइंटवरून घेऊ, कारण तो खिडकीला लागून आहे. हे बरोबर आहे का?

आणखी एक. हा एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही रात्री मिणमिणतो. बल्ब काढून होल्डरला टेस्टर लावला, तर बटण बंद असतानाही एका पिनेवर पेटतो. याचा पंख्याशी काही संबंध येतो का?

प्रतिसाद १:
लोडची काळजी सोडा. ३५ वॅट म्हणजे पाव अँपियरही नाही. न्यूट्रल मात्र गीझरचा अजिबात घेऊ नका. फेज (करंट आणणारी वायर) एका एमसीबीवरून आणि न्यूट्रल दुसऱ्या लाइनचा, असं झालं की उद्या कोणी गीझरची लाइन बंद करून तो न्यूट्रल सोडवेल आणि पंख्यातून आलेला करंट त्याच्या हाताला लागेल. दिव्याच्या लाइनला वेगळा आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की उडणारा स्विच) बसवलात, तर पंखा लावताक्षणी तो उडेल. न्यूट्रल दिव्याचाच घ्या, बोर्डापासून पंख्याची फेज आणि हिरवी अर्थिंगची अशा दोन दीड चौरस मिलिमीटरच्या वायरी त्याच पाइपातून ओढा. पत्र्याची बॉडी आहे, अर्थिंग टाळू नका. आणि दाराखाली बोटभर फट ठेवा. हवा आत आलीच नाही तर पंखा बाहेर काय फेकणार?

प्रतिसाद २:
पंख्याआधी त्या मिणमिणत्या बल्बचं बघा. बटण न्यूट्रलवर बसवलेलं दिसतंय. तसं असेल तर बटण बंद केल्यावर पंखा थांबेल, पण आत फेज उभीच राहील. महिन्याने तुम्ही ओल्या फडक्याने पाती पुसायला चढणार! नुसत्या टेस्टरवर मात्र जाऊ नका. शेजारच्या वायरीच्या प्रभावानेही तो अंधुक पेटतो, एलईडीही त्यामुळे मिणमिणतो. त्या पिनेपासून अर्थिंगपर्यंत साधा बल्ब लावून बघतात. पूर्ण पेटला तर फेज आहे. आरसीसीबी असला तर उडेल, तेही उत्तरच. हे वायरमनलाच करू द्या. आणि स्वयंपाकघरातला होल्डरही तपासायला सांगा. तिथेही तसंच निघालं तर घोळ मीटरकडून येणाऱ्या लाइनमध्ये.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार. आधीच्याला नको म्हटलं, परवानाधारक दुसरा वायरमन बोलावला. स्वयंपाकघर ठीक निघालं. मेन बंद करून त्याने पॅसेजचा बोर्ड उघडला, तर काळी वायर बटणावर आणि लाल सरळ वर गेलेली. तीस वर्षं बटण दाबून आम्ही न्यूट्रलच तोडत होतो! बोर्डातच अदलाबदल झाली. वायरींचे रंग आता उलटे पडलेत म्हणून त्याने दोन्ही टोकांना टेप गुंडाळली, काळीवर लाल आणि लालवर काळी.

बल्ब आता बंद म्हणजे बंद. फक्त बोर्डापर्यंत अर्थिंगच आलेली नाही, दोन पिनांचा जुना सॉकेट आहे तिथे. ती मीटरपासून आणायला पॅसेजभर केसिंगपट्टी (भिंतीवरून वायर नेणारी पट्टी) मारावी लागेल म्हणतो. दुसरा मार्ग आहे का? की पत्र्याचा पंखा परत करून प्लॅस्टिकचा घेऊ?

प्रतिसाद २:
पट्टी मारा. पॅसेजच्या त्या बोर्डाला अर्थिंग पंख्यासाठी नसली तरी हवीच. दुकानदार पंखा बदलून देत असेल तर तोही बदला, गंजायचा नाही.