आई-बाबांना जर्मनीला पाठवायचंय, शेतकरी कुटुंब, आयटीआर नाही: व्हिसाबद्दल सल्ला हवाय

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मोठा भाऊ म्युनिकला ब्लू कार्डवर (तिथला उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) नोकरीला आहे, वहिनीची बाळंतपणाची तारीख जूनच्या मध्यातली आहे आणि आई-बाबांनी मेअखेर ते ऑगस्ट तिकडं राहावं असं घरात ठरतंय. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. उत्पन्न सगळं शेतीचं त्यामुळं बाबांनी आजवर रिटर्न भरलेला नाही, खातं जिल्हा बँकेत आणि थोडे पैसे गावातल्या पतसंस्थेत. बाबांचा पासपोर्ट आलाय, आईचा काढायचाय, तिचं शिक्षण सातवीपर्यंत, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि आधारवर जन्मतारीख १ जानेवारी टाकलीये जी खरी नाही. दोघंही कधी विमानात बसलेले नाहीत. नेटवर बघितलं तर सगळीकडं सॅलरी स्लिप, फॉर्म १६, ऑफिसचं एनओसी हेच लिहिलंय, आमच्यासारख्यांनी काय लावायचं? एक एजंट म्हणतोय सगळं करून देतो, पण व्हिसा फी सोडून वर बरेच पैसे मागतोय. कुणी शेतकरी आई-वडिलांचा व्हिसा काढला असेल तर प्लीज डिटेलमध्ये सांगा.

इसारतीर:
होणाऱ्या आजी-आजोबांचं आधी अभिनंदन! मी म्युनिकलाच असतो, इथल्या बऱ्याच मराठी घरांची ही धावपळ जवळून बघितलीये म्हणून क्रमानं सांगतो, कारण इथे क्रम चुकला की महिना कुठे जातो कळत नाही.

सगळ्यात आधी आईचा पासपोर्ट. तो हातात येईपर्यंत दादाला इथलं हमीपत्र काढता येणार नाही, कारण इथल्या कागदावर पासपोर्टमधलं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर जसाच्या तसा लागतो. पासपोर्टला अर्ज करायच्या आधी आधारची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. माहेरचं-सासरचं नाव जोडायला लग्नाचा दाखला, नसेल तर लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत उशिरानेही करता येते, ते घ्याच करून, पुढे व्हिसालाही उपयोगी पडतं. बाबांच्या पासपोर्टात आईचं नाव पती-पत्नीच्या रकान्यात कसं लिहिलंय तेही बघा, स्पेलिंग एक ठेवा.

मग दादाचं काम. त्याला म्युनिकच्या परदेशी नागरिक ऑफिसातून, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डमधून, फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग काढायचंय. नाव लांबलचक आहे, सगळे व्हीई म्हणतात. पाहुण्यांचा खर्च मी उचलतो असं सरकारला दिलेलं हमीपत्र. फी २९ युरो, पगाराच्या स्लिपा आणि घराचा करार बघतात. त्यावर एक ओळ असते, बोनिटेट म्हणजे ऐपत सिद्ध झाली की नाही, तिथं सिद्ध झाली असं लिहिलेलं असलं की आई-बाबांच्या बँकेत किती आहे हा मुद्दा बराच मागे पडतो. ओरिजनल कुरिअरने गावी पाठवायचं. हे पत्र सहा महिन्यांच्या आत वापरावं लागतं, म्हणून फार आधीही काढू नका. आणि अपॉइंटमेंट पटकन मिळत नाहीत, दादाला आजच बघायला सांगा.

एक गोष्ट दादाला नीट समजावा. हा सहीचा कागद म्हणजे फॉर्मॅलिटी नाही. मुक्कामात दवाखान्याचा किंवा परत पाठवण्याचा खर्च सरकारच्या अंगावर आला तर तो दादाकडून वसूल होतो. त्यामुळे इन्शुरन्समध्ये काटकसर करू नये.

रानफूल:
+१ वरच्या सगळ्याला. माझे सासू-सासरे बारामतीकडचे, त्यांचीही शेतीच, मागच्या वर्षी जर्मनीलाच गेले. मला सांगायचंय ते हे की तुमच्या दादाचा पगार कितीही असू दे, तो दादाची बाजू भक्कम करतो. आई-बाबा परत का येणार हे आई-बाबांच्या कागदातूनच दिसायला लागतं, आणि शेतकऱ्याकडं ते कागद नोकरदारापेक्षा जास्त आहेत, फक्त ते इंग्रजीत आणून मांडायचा कंटाळा करू नका.

सातबारा आणि आठ अ, डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो तो घ्या, इंग्रजी भाषांतर करून शिक्का मारून घ्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. बेदाणा किंवा द्राक्षं विकलेल्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या), तासगावच्या सौद्यातल्या असतीलच तुमच्याकडं, आणि त्या पट्टीची रक्कम बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ज्या तारखेला आलीये ती ओळ पेनानं मार्क करून ठेवा. पट्टीवरचा आकडा आणि खात्यातला आकडा एकमेकाला धरून दिसला की उत्पन्न खरं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. जिल्हा बँकेचं हातानं लिहिलेलं पासबुक देऊ नका, ब्रँचमधून लेटरहेडवर शिक्का-सहीचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट घ्या. पतसंस्थेच्या ठेवीच्या पावत्या, घराचा उतारा, हे पण.

आता कव्हर लेटर. नेटवरचा नमुना उतरवू नका. बाबांच्या शब्दात लिहा, की एप्रिलची खरड छाटणी उरकून आम्ही निघतोय, आमच्या मागं धाकटा मुलगा बाग बघणार आहे, आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीला मला घरी असावंच लागतं कारण वर्षाचं पीक त्यावर आहे. हे खरं कारण आहे ना, मग तेच लिहायचं. दोन पानांच्या वर जाऊ नका.

हिशोबवाला:
रिटर्न नसल्याचं टेन्शन घेऊ नका. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून रिटर्न भरलेला नाही, हे कव्हर लेटरमध्ये एका वाक्यात स्पष्ट लिहा आणि शेजारी तहसीलदारांचा दाखला लावा. फक्त व्हिसासाठी घाईघाईत मागचे रिटर्न भरायच्या भानगडीत पडू नका. बाबांना व्याजाचं किंवा दुसरं काही उत्पन्न असेल तर सीएला विचारून यावर्षीपासून नियमित भरा, पुढच्या वेळी कामाला येईल.

कृष्णाकाठ:
बापरे, एवढं मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. पट्ट्या सगळ्या जपून ठेवल्यात बाबांनी, तारखेवार. काही प्रश्न उरलेत. दादा म्हणतोय अर्जाच्या आधी बाबांच्या खात्यावर पाच लाख टाकून ठेवतो म्हणजे बॅलन्स चांगला दिसेल, चालेल का? एजंट म्हणतोय हॉटेलचं डमी बुकिंग लावू, फाइल मजबूत होते. आईच्या पासपोर्टवर ईसीआर (कमी शिकलेल्यांना परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, तो शेरा) लागेल का, सातवी शिकलीये म्हणून विचारतोय. आणि अर्ज सांगलीतून कुठं करायचा?

इसारतीर:
पाच लाख अजिबात नको. वर्षभर खात्यात चाळीस-पन्नास हजार फिरतायत आणि अर्जाच्या आधी एकदम पाच लाख, हे बघणाऱ्याच्या डोळ्यात पहिलं भरतं. व्हीई आहे म्हणजे खर्च दादाचा हे कागदावर आलेलंच आहे. दादा आधीपासून दर महिन्याला पैसे पाठवत असेल तर ते तसंच चालू राहू द्या.

डमी बुकिंगवाल्या एजंटपासून लांब राहा. ते राहणार मुलाच्या घरी आणि फाइलमध्ये हॉटेल, म्हणजे आपणच आपल्या खऱ्या कागदांवर शंका उभी करायची. खोटा कागद पकडला गेला तर नकार येतो आणि तो शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या गटाच्या, सगळ्या देशांना सिस्टिममध्ये दिसतो. तिकीटसुद्धा व्हिसाच्या आधी पक्कं काढू नका, रिझर्व्हेशन पुरतं. आणि एक, जर्मनीत आधी नकारावर फुकट फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो १ जुलै २०२५ पासून बंद झालाय. आता नकार आला की नव्यानं अर्ज नाहीतर कोर्ट. म्हणून पहिलीच फाइल नीट जाऊ दे.

अर्ज व्हीएफएसच्या (व्हिसाचे अर्ज गोळा करणारी कंपनी) पुणे किंवा मुंबई सेंटरला. फॉर्म व्हायडेक्स या साइटवर भरायचा, शेवटी बारकोड असलेली पानं येतात ती सगळी प्रिंट करायची. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि कमीत कमी १५ दिवस आधी द्यावाच लागतो, पण उन्हाळ्याची गर्दी बघता तुम्ही मार्चच्या पुढं ढकलू नका. निकालाला साधारण १५ दिवस, जास्त तपासणी लागली तर ४५ पर्यंत जातात. फी माणशी ९० युरो, रुपयांत भरायची, वर व्हीएफएसचा सर्व्हिस चार्ज वेगळा.

दादाकडून अजून काय: पासपोर्टची कॉपी (शेवटच्या पानावर आई-बाबांची नावं असतात, नात्याचा पुरावा झाला), ब्लू कार्डची कॉपी, पत्त्याची नोंदणी, निमंत्रण पत्र. आणि वहिनींच्या मुटरपासची कॉपी. गरोदरपणाची ती निळी वही असते ना, त्यात डॉक्टरने अपेक्षित तारीख लिहिलेली असते ते पान. अडीच महिने का, जूनच का, हे दोन्ही प्रश्न त्या एका पानानं मिटतात.

रानफूल:
ईसीआरचं मी सांगते. ५० वर्षं पूर्ण झालेल्यांना शिक्षण कमी असलं तरी नॉन-ईसीआर पासपोर्ट मिळतो, फॉर्ममध्ये तो पर्याय निवडा. आणि तसंही ईसीआर हे ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे, मुलाकडं जर्मनीला जाणाऱ्या आईचा त्याच्याशी संबंध नाही.

व्हीएफएसला बोटांचे ठसे घेतात, आणि आयुष्यभर शेतात काम केलेल्या माणसांचे ठसे पटकन उमटत नाहीत. सासूबाईंची बोटं मशीन घेईनाच, कापसानं पुसून, परत ठेवून, असं बराच वेळ चाललं आणि त्या बिचाऱ्या घाबरून गेल्या की आता व्हिसा मिळणार नाही. त्याआधीचे काही दिवस रात्री हाताला खोबरेल चोळायला सांगा, त्या दिवशी मात्र हात स्वच्छ कोरडे ठेवायचे. आणि घरूनच सांगून ठेवा की दोन-चार वेळा घेतील, काही बिघडत नाही. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

पुणे_५२:
इन्शुरन्सबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. कमीत कमी ३० हजार युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, पूर्ण मुक्कामाचं, हे व्हिसासाठी. पण ही झाली व्हिसा मिळायची अट. बाबांना बीपी-शुगर असेल तर पॉलिसीत आधीच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते ओळ न ओळ वाचा, बहुतेक स्वस्त पॉलिसीत ते कव्हर नसतं किंवा फक्त जिवावर बेतलं तरच असतं. आजार लपवून पॉलिसी घेऊ नका, क्लेमच्या वेळी तेच काढतात. गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या न्या, डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी सोबत, आणि त्या हातातल्या बॅगेत.

इसारतीर:
व्हिसा आला की स्टिकर नीट वाचा, लोक फक्त तारखा बघतात. व्हॅलिडिटीच्या दोन तारखा असतात आणि खाली ड्युरेशन ऑफ स्टे म्हणून दिवसांचा आकडा असतो. तारखांमधलं अंतर जास्त दिसलं तरी राहायचे दिवस तो आकडा म्हणेल तेवढेच. उतरला तो दिवस आणि निघाला तो दिवस दोन्ही मोजतात, रात्री साडेअकराला इमिग्रेशन झालं तरी तो एक दिवस गेला. वरची मर्यादा १८० दिवसांत ९०. एन्ट्रीच्या रकान्यात ०१ असेल तर मधेच लंडनला वगैरे जाऊन परत येता येणार नाही.

फ्लाइट मुंबईहून थेट म्युनिकचं असेल तर उत्तम. पॅरिस किंवा ॲमस्टरडॅममार्गे असेल तर इमिग्रेशन तिथंच होतं, म्युनिकला नाही, म्हणजे दादा बाहेर उभा असून उपयोग नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घेऊन एन्ट्री नोंदवायची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झालीये, त्यामुळे रांगेला वेळ लागू शकतो, कनेक्टिंग फ्लाइट घेतलं तर मधे भरपूर अंतर ठेवा.

काउंटरवर विचारतात ते इतकंच, कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार. दादाला एक पानी पत्र जर्मनमध्ये लिहायला सांगा, त्यात पत्ता, फोन नंबर, परतीची तारीख, बाळाचं कारण. ते, व्हीईची कॉपी, इन्शुरन्स आणि परतीचं तिकीट एका फोल्डरमध्ये आईच्या पर्समध्ये, चेक-इन बॅगेत नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगा, माणूस थेट बाहेरपर्यंत सोबत येतो, भाषेचीही अडचण राहत नाही.

कृष्णाकाठ:
आज बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. दादानं अपॉइंटमेंटचा ईमेल टाकलाय, उद्या आईला घेऊन आधार सेंटरला जातोय. एजंटला नको म्हणून कळवलं. शेवटचं एक, आई आत्तापासूनच वहिनीसाठी काय काय न्यायचं याची यादी करतीये, डिंकाचे लाडू, घरचं तूप, हापूसची पेटी. यातलं काय चालतं?

रानफूल:
तूप, खवा, पेढे, पनीर, दुधाचं काहीही युरोपात बाहेरून नेता येत नाही, मांसाचं लोणचं वगैरेही घेऊ नका. ताजी फळं-भाजी सर्टिफिकेटशिवाय नाही, म्हणजे हापूस नाही आणि कढीपत्ताही नाही. नारळ आणि केळी यांना मात्र सूट आहे. डिंक, खारीक, सुंठ, मेथीची पूड असं कोरडं सामान सीलबंद पाकिटात न्या. अळीव आणि बाळंतशेपा भाजून न्यायचे, म्हणजे पेरायचं बी आहे का असा प्रश्न कुणी काढत नाही. लाडू तिकडंच वळायचे, म्युनिकमध्ये भारतीय दुकानात तूप मिळतं आणि तिथलं लोणी कढवलं तर घरच्यासारखंच निघतं, सासूबाईंनी तेच केलं. प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव लिहून चिकटवा, साध्या कागदावर पेनानं लिहिलं तरी चालतं.