असेंटची बी साइट: अडून राहायचं की सोडून परत घ्यायची?

धूरवाला: व्हॅलोरंट या पाच-विरुद्ध-पाच नेमबाजीच्या गेममध्ये असेंट नकाशावर बचाव आला की बी साइटला (बॉम्ब लावायची एक जागा) दोघं ठेवतात आणि ते दोघंही साइटवरच मरतात. माझं मत: मेनमधून (हल्लेखोरांची साइटकडे यायची वाट) पाच जण आले की एखादा घाव घालून मागे सरका, स्पाइक (बॉम्ब) लावू द्या, मग पाचांनी मिळून रिटेक करा, म्हणजे साइट परत घ्या. लावायला ४ सेकंद, नंतर फुटायला ४५, डिफ्यूजला (निकामी करायला) ७. म्हणजे ३८ सेकंद हातात. ए साइटवरून स्पॉनमार्गे (आपली सुरुवातीची जागा) यायला पुरेसे.

कोपराधरू: वेळ पुरेल हो, पण पाच भरलेल्या कोपऱ्यांवर चालून कोण जाणार? शिवाय स्पाइक लागला की त्यांना प्रत्येकी ३०० क्रेडिट (शस्त्रं घ्यायचे पैसे), राउंड हरले तरी. किलजॉय (सापळे लावणारं पात्र) असेल तर साइट सोडणं हा निव्वळ आळस. मार्केटचं (साइटची दुसरी वाट) दार बंद, तिचा अलार्मबॉट (इशारा देणारं यंत्र) मेनच्या तोंडाशी, दोन्ही स्वार्म (लपवून ठेवायचे ग्रेनेड) स्पाइक लावायच्या नेहमीच्या जागी. पावलं ऐकून घाईने उडवू नका. स्पाइक लावायला घेतल्याचा आवाज आला की पहिला स्वार्म, तोच परत लावायला बसला की दुसरा. मध्येच उठला की ४ सेकंद पुन्हा पहिल्यापासून. राउंड १०० सेकंदांचा, घड्याळ त्यांना छळतं. सोवा या पात्राचा रिकन (शत्रू दाखवणारा बाण) पडला की ओडिनने (मशीनगन) भिंतीतून मेन भाजून काढा, ते वेगळंच.

धूरवाला: आणि किलजॉय मेली की तिचा टरेट (आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक), अलार्मबॉट सगळं बंद. साइटवर उघडी उभी राहून ती किती टिकणार? स्वार्म तर मार्केटमधूनही उडवता येतात. माझाच मुद्दा झाला की!

अर्धा_डिफ्यूज: भांडण जागेवरून चाललंय, पण रिटेक हरतो तो एकेकट्याने घुसल्यामुळे. ओमेन या पात्राचा धूर १५ सेकंद टिकतो. टीम अजून स्पॉनला असताना टाकला तर वायाच. दोघं मार्केट, तिघं स्पॉन, सगळे पोचेपर्यंत थांबा. आधी रिकन, मग फ्लॅश (डोळे दिपवणारा), मेनवरचा धूर शेवटी. साडेतीन सेकंद डिफ्यूज झालं की अर्धं काम जमा राहतं, म्हणून नुसता टॅप करून (डिफ्यूज सुरू करून लगेच सोडून) त्यांना डोकावायला लावा. दोघंच उरलात तर रिटेक सोडा, वँडल (रायफल) पुढच्या राउंडसाठी वाचवा.

कोपराधरू: वाचवा, पण स्पाइक फुटल्यावर जिवंत राहिलेल्याला १००० च मिळतात, हेही मोजा. २९०० ची वँडल हातात असेल तर परवडतं. शेरिफ (स्वस्तातलं पिस्तूल) घेऊन स्पॉनमध्ये लपणाऱ्यांनी सरळ जाऊन मरावं.

धूरवाला: शेरिफवाल्यांपुरतं मान्य. मार्केटचं दार मात्र रिटेकला उघडंच हवं.