नोकरी, दिवाळी अंकाची कथा आणि झोप: कसं जमवता?

पेठेतली_लेखणी:
नमस्कार. दिवसा हिंजवडीत नोकरी, जाण्यायेण्यात दोन-अडीच तास जातात. दिवाळी अंकासाठी कथा गणपतीच्या आत द्यायची आहे. संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव चालू असतो, तेव्हा काही सुचत नाही. घरचं आवरून रात्री अकराला बसते ती दोनपर्यंत. सहाला नळाला पाणी येतं, उठावंच लागतं. नोकरी सांभाळून लिहिणारे इथे बरेच आहेत. तुम्ही झोप कमी करता की लिखाण?

जुना_मुद्रितशोधक:
ताई, झोप कमी करू नका. मी नारायण पेठेत वर्षानुवर्षं मुद्रितं तपासली. जागून लिहिलेलं पान लगेच ओळखू यायचं. शुद्धलेखनाचं सोडा, ते आम्ही सुधारायचोच. पण पहिल्या पानावरची सुमन सातव्या पानावर सुषमा झालेली असायची, भर दुपारच्या प्रसंगात मध्येच दिवे लागायचे, एकाच परिच्छेदात तीनदा 'क्षणभर'. लिहिणारे चांगले, नावाजलेले. पण शिणलेल्या डोळ्यांना कागदावरचं वाक्य दिसत नाही, मनातलंच दिसतं. माझी कळकळ एवढीच, की रात्री हवं तर लिहा, पण रात्री तपासू नका. आणि शेवट तर दमलेल्या डोक्यानं कधीच करू नका. कितीतरी चांगल्या कथा शेवटच्या दोन पानांत उरकलेल्या पाहिल्यात, त्याची हळहळ अजून वाटते.

पहाटवारा:
काकांच्या म्हणण्याला आधार आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना सलग जागं ठेवून हात आणि डोळे यांचा मेळ तपासला. १७ तासांच्या जागरणानंतर तो रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा ढासळला होता. सहाला उठणाऱ्याचे १७ तास रात्री अकराला भरतात, म्हणजे नेमके तुम्ही लिहायला बसता तेव्हा.

शिवाय गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची, म्हणजे आरईएम झोप शेवटच्या भागात. चार तासांत उठलं की तिचा मोठा वाटा बुडतो. प्रौढांना किमान सात तास लागतात. रात्री कॉफी घेत असाल तर तीही बंद करा. कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास जातात.

पेठेतली_लेखणी:
अकराचा हिशोब वाचून दचकलेच. आता संवाद बसमध्ये फोनवर टिपून ठेवते आणि शनिवार-रविवारी सकाळी सलग बसते. पण संपादकांकडे आठ दिवस वाढवून मागावेत का? पहिलीच कथा आहे, संकोच वाटतो.

जुना_मुद्रितशोधक:
मागा, पण आजच मागा. मुदतीच्या आदल्या दिवशी फोन आला की आमची पानं अडायची, आधी कळलं तर दुसरा मजकूर पुढे घेता यायचा. कथा झाली की एक रात्र तशीच ठेवा आणि सकाळी मोठ्यानं वाचा. पात्रांची नावं, वयं, नाती एका कागदावर लिहून शेजारी ठेवा. आधी पहिलं आणि शेवटचं पान लागोपाठ वाचा.