न सांगता शिकवून गेलेलं घरातलं काही

गिरणगावकर

मोठ्या माणसांच्या चरित्रांतून प्रेरणा बिरणा घेऊन झाली. आता घरातलं लिहू या. आई, बाप, सासू, पोरं, काका, घरी येणारी आत्या, कोणीही चालेल. अट एकच. त्यांनी काय सांगितलं ते नको, काय केलं ते लिहा. उपदेश आपल्या सगळ्यांकडे मुबलक आहे.

सुरुवात मी करतो. बाबा लालबागला एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ते गेल्यावर पत्र्याची ट्रंक उघडली, तर आत १९७९ ते १९९१ अशी सगळी कालनिर्णयं निघाली. आमच्याकडे दुधाचा हिशेब कॅलेंडरवरच असायचा. आरेच्या केंद्रावरून काचेच्या बाटल्या यायच्या, जितक्या बाटल्या तितका आकडा त्या तारखेच्या चौकोनात. १९८२ चं कॅलेंडर उलगडलं. १८ जानेवारीला संप सुरू झाला, तोपर्यंत रोज २. मार्चपासून १. जूनपासून शून्य.

मी अडकलो ते शून्यापाशी. दूध बंद केलं तर चौकोन कोरा राहायला हवा ना? पण रोज शून्य. जून, जुलै, ऑगस्ट, थेट डिसेंबर संपेपर्यंत, एकही तारीख न चुकता. कोरा चहा मला आठवतो, मी ८ वर्षांचा होतो. हे शून्य मात्र माहीत नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, "सकाळी सातला उठून कायतरी करायची सवय होती हाताला."

गेल्या वर्षी ५१ व्या वर्षी माझी नोकरी गेली. दाढी करायची कोणासाठी, असं वाटायला लागलं होतं. मग एक कॅलेंडर घेतलं आणि रोज सकाळी त्यात किती अर्ज पाठवले तो आकडा लिहायला लागलो. बहुतेक दिवस शून्यच. पण ते लिहायला आंघोळ करून टेबलाशी बसावं लागायचं. सात महिने गेले त्यात. आता पगार कमी आहे, पण नोकरी आहे.

चला, लिहा.

तेरणाकाठची

माझ्या आजीचं लिहिते. आमचं गाव किल्लारीच्या जवळचं. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गाव झोपलं होतं. मी ९ वर्षांची. दगडमातीच्या दीड-दोन हात जाड भिंती, वर माळवद. त्याखाली काय झालं ते इथे लिहीत नाही.

आधी पत्र्याच्या शेडात राहिलो, मग नवं गाव झालं. ज्याची जमीन जितकी तितकं घर, २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फूट. रस्ते रुंद, घरं ओळीत, सगळं पट्टीने आखल्यासारखं. आणि आमची गल्ली गावभर उधळली गेली. जिच्याकडे आजी चुलीतला विस्तव मागायला जायची ती सुताराची माय आता गावाच्या दुसऱ्या टोकाला.

आजी रोज दुपारी काठी घेऊन निघायची. मी सोबत. जुन्या गल्लीत ज्या क्रमाने घरं होती, त्याच क्रमाने ती जायची. आधी सुताराची माय, मग शिंपीणकाकू, मग पुढची. नव्या गावात हा क्रम म्हणजे निव्वळ वेडेपणा. या टोकाहून त्या टोकाला, परत मागे, परत पुढे. जुन्या गावात जे दहा मिनिटांत व्हायचं त्याला दीड तास लागायचा. मी म्हणायचे, आजी, वाटेत आहे ते घर आधी घे की. ती म्हणायची, "आस्सं आसतंय व्हय गल्ली?"

दुसरं घर झालं की ती पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर टेकायची. काही बोलायची नाही. मग उठून पुढच्या घरी. मला वाटायचं दमली. पुष्कळ वर्षांनी आईकडून कळलं, आमच्या गल्लीतलं तिसरं घर नव्या गावात नव्हतंच. त्यातलं कोणी उरलं नव्हतं.

आम्ही भावंडं पाच, मी आणि चार भाऊ. तीन नंबरचा भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने गेला. भाऊबीजेला मी ओवाळते तेव्हा दोघांना ओवाळून झालं की ताट खाली ठेवून थोडी थांबते. मग धाकट्याला. भाऊही घाई करत नाहीत.

बर्फातला बंड्या

वरचं वाचून माझं फारच हलकं वाटेल, तरी लिहितो. मिनेसोटात पहिल्या थंडीत दही लागेना. बाहेर उणे २०. आईला मिरजेला फोन. तिने विचारलं, दूध बोट सोसेल इतकंच कोमट होतं का? विरजण नीट घुसळून घातलं का? मी सगळ्याला हो. मग ती म्हणाली, "बरं, मग उद्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. "बरं, मग उद्या." मिरचीचे देठ टाकून झाले, भांडं शालीत गुंडाळून झालं. प्रत्येक फोनला ती आधी एक नवीन युक्ती सांगायची आणि शेवटी तेच वाक्य. पाचव्या रात्री ओव्हन बंद ठेवून आतला फक्त दिवा लावला आणि भांडं आत ठेवलं. सकाळी सुरी घातली तर वडी पडली!

मुलगा सायकल शिकताना सहाव्यांदा पडला, तेव्हा माझ्या तोंडून हेच निघालं. मराठीत. त्याला कळलं की नाही देव जाणे, पण त्याने सायकल उचलून घरात आणली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बाहेर काढली.

चौथी पोळी

थोडं उलटं लिहितेय. चालेल ना?

माझी आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची. घरात आम्ही पाच जण. तिचं जेवण म्हणजे काय, तर जे उरेल ते. भाजी संपली असेल तर लोणच्याशी पोळी. भाजी जास्त झाली असेल तर टाकवत नाही म्हणून पोटात जागा नसताना ती संपवायची. तिच्या पन्नाशीला आत्याने भाषण केलं, "आमची वहिनी म्हणजे साक्षात अन्नपूर्णा." टाळ्या. मीही वाजवल्या, फोटोसुद्धा टाकला.

दोन आठवड्यांनी आई ओट्यापाशीच कोसळली. हिमोग्लोबिन ६.८. डॉक्टरांनी विचारलं, जेवता काय? आई म्हणाली, "जेवते की, वेळेवर." "हो, पण काय?" आईने माझ्याकडे बघितलं. मला सांगता आलं नाही. तिला जेवताना मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर भावाने आणि मी ठरवलं. पोळ्या आधी सगळ्या करून डब्यात, पाच ताटं एकदम वाढायची, पाच जणांनी एकदम बसायचं. बाबांना तव्यावरची पोळी थेट ताटात लागते. पहिला आठवडा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून जेवले. दुसऱ्या आठवड्यात चिडचिड. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी स्वतः उठले, तवा तापवला, स्वतःची पोळी गरम करताना बोट भाजून घेतलं आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, बाकीच्यांच्याही केल्या. आता ते काम त्यांचंच.

आई अजून मीठ आणायच्या निमित्ताने उठते. बाबा तिचा हात धरून खाली बसवतात वगैरे काही नाही, आम्ही सिनेमात राहत नाही. ते फक्त म्हणतात, "मीठ इथेच आहे." त्यामुळे आमच्या टेबलावर मीठ, तिखट, तूप, चटणी, पाण्याची कळशी असा आठवडी बाजार भरलेला असतो.

तर मी आईकडून काय शिकले याचं माझं उत्तर असं, की तिचं एक काम मी उचललं नाही.

जुनं लोणचं

ताई, राग मानू नका, पण आजकाल सगळ्या त्यागाला अन्याय म्हणायची फॅशन आली आहे. आमच्या आयांनी ते प्रेमाने केलं. त्यांना त्यातच आनंद होता. त्यांना विचारा तरी.

चौथी पोळी

काका, रागावले नाही. आत्ताच विचारलं. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "आनंद कसला गं, भूक लागायची."

तेरणाकाठची

😄 आईंना नमस्कार सांगा.

आंबाडो

गोव्यातून. माझे आजोबा चवथीला माटोळी बांधायचे. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात, तिला रानातली, परसातली फळं बांधायची: कांगलां, आंबाडे, सुपारीचा घोस, केळीचा घड, नारळाची पेंड म्हणजे घोस. आम्ही नातवंडं खाली बसून एकेकाचं नाव विचारायचो. गावात त्यांच्याइतकी झाडं ओळखणारा दुसरा नव्हता, निदान आम्हाला तरी तसं वाटायचं. एका वर्षी कोणीतरी एक हिरवट, खरखरीत फळ आणून दिलं. आजोबांनी हातात फिरवलं, वास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हाका खबर ना." मग परसात काम करणाऱ्या बाईंना आत बोलावून विचारलं. त्यांनी नाव सांगितलं, आजोबांनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि फळ माटोळीला बांधलं.

मी शाळेत शिकवते. "मला माहीत नाही, उद्या बघून सांगते" हे वर्गात पहिल्यांदा म्हणायला मला चार वर्षं लागली. (ते फळाचं नाव आता मीच विसरले आहे. कोणाला ओळखता येत असेल तर सांगा.)

जिना

इथे लिहू की नको असा दोन दिवस विचार करत होतो. धागा घरातल्या चांगल्या गोष्टींचा आहे.

माझे वडील प्यायचे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. संध्याकाळी जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की आवाजावरून मी आणि बहीण ओळखायचो, आज काय होणार. पाय घासत आले तर लगेच झोपतील. पावलं जोरात पडली तर बहीण मला घेऊन मोरीत जायची. आईच्या हातातलं काम थांबायचं. कुकरची शिट्टीसुद्धा नको वाटायची.

मला आता दोन मुलं आहेत. आमच्याकडे लिफ्ट आहे, पण मी जिन्याने येतो आणि पहिल्या मजल्यापासूनच मुलांना हाका मारायला लागतो. मोठ्याने, नावं घेऊन. शेजारचे हसतात. बायकोला सुरुवातीला लाज वाटायची, कारण सांगितल्यावर तिने विषय काढला नाही. पोरं दार उघडून जिन्यात येऊन उभी असतात.

वडिलांनी काय केलं ते लिहा असं वर म्हटलंय. हे केलं.

जुनं लोणचं

वाचलं. बरं केलंत लिहिलंत.

बर्फातला बंड्या

🙏

गिरणगावकर

मला वाटलं होतं चार-पाच गमती जमतील. काल रात्री आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. ती ७६ वर्षांची आहे, ऐकायला कमी येतं, त्यामुळे निम्म्या चाळीने ऐकला म्हणा. जिन्यातल्या गृहस्थांचं तिने दोनदा वाचायला लावलं. पोळीवाल्या ताईंच्या आईचं उत्तर ऐकून खूप वेळ हसली.

मग म्हणाली, ते ब्याऐंशीचं कॅलेंडर आण. चश्मा लावून ऑगस्टचं पान काढलं आणि बोट ठेवलं. "हे माझे."

संपात बरेच जण गावी शेतीच्या कामाला गेले होते, बाबाही गेले होते. मला ते गेल्याचं आठवतं, पण कॅलेंडरशी सांगड कधी घातलीच नाही. ते नसताना इथे कोण लिहीत असेल, हा प्रश्न मला पडला नाही. मी विचारलं, मागच्या वेळी का नाही सांगितलंस? म्हणाली, "तू त्यांचं विचारत होतास."

आज सकाळी खिडकीपाशी उजेडात नीट पाहिलं. बाबांचं शून्य मोठं, गोल, चौकोनभर. आईचं बारीक आहे, खालच्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला न मिटलेलं. ८ ऑगस्ट ते १९ सप्टेंबर. ४३ आहेत.