पंटच करायचा, तर चेंडू हातात घ्यायचा कशाला? (आयोवा हॉकाइज)

कणसांच्या_देशा

३१ डिसेंबरला टँपात आपल्या आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमने व्हँडरबिल्टला ३४-२७ हरवलं. घरात आरडाओरडा झाला, फ्रीजरमधल्या पुरणपोळ्या बाहेर निघाल्या, सगळं झालं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. इथे टाकतो, शिव्या खायची तयारी आहे.

जी टीम एका सामन्यात ३४ करते, तिला नोव्हेंबरात यूएससीविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये भोपळा का फोडता येऊ नये? हाफटाइमला आपण २१-१० पुढे होतो. शेवटी २६-२१ हरलो. आघाडी मिळाली की आपला ऑफेन्स, म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाणारी फळी, कासवासारखा डोकं आत घेतो. हा अपघात नाही, सवय आहे.

सवय किती जुनी ते सांगतो. ३ सप्टेंबर २०२२, किनिक स्टेडियम, सीझनचा पहिला सामना. समोर साउथ डकोटा स्टेट, म्हणजे खालच्या गटातली टीम. आपण ७-३ जिंकलो. नवीन लोकांना वाटेल, सात म्हणजे एक टचडाउन (सहा) आणि वरची किक (एक). नाही हो! एक फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेला, तीन गुण) आणि दोन सेफ्टी (दोन-दोन गुण). सातातले चार गुण डिफेन्सने मिळवले. माझ्या पुढच्या बाकावर पिवळ्या टोपीतले एक आजोबा बसतात. त्या दिवशी दर थर्ड डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, ते डोळे मिटून घ्यायचे आणि पंटरची (चेंडू लांब मारून समोरच्याला देऊन टाकणाऱ्याची) लाथ चेंडूवर बसल्याचा 'थड्' आवाज आला की उघडायचे. बाजूच्या नातवाला म्हणाले, आवाज आला म्हणजे संकट टळलं.

त्या वर्षी एकूण यार्डांत आपला ऑफेन्स देशातल्या १३१ टीममध्ये १३०वा आला. ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे ऑफेन्स आखणारा कोच, कोण? ब्रायन फेरेंट्झ, हेड कोच कर्क फेरेंट्झ यांचे चिरंजीव. दुसरीकडे कुठेही नारळ मिळाला असता. इथे फेब्रुवारी २०२३ मध्ये करार बदलला: पगारात ५० हजार डॉलरची कपात, आणि अट अशी की सात विजय मिळवा आणि सामन्याला सरासरी २५ गुण करा. तेरा सामन्यांचे ३२५. गंमत म्हणजे डिफेन्सने केलेला टचडाउनही त्यात धरायचा होता. पहिल्याच सामन्यात यूटा स्टेटविरुद्ध केले २४. एक कमी!

विजय दहा मिळाले. गुण? १४ सामन्यांत २१६. तीन सामन्यांत शून्य: पेन स्टेट ३१-०, मिशिगन २६-०, टेनेसी ३५-०. ऑक्टोबरअखेर हंगामी अॅथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाच्या खेळांच्या प्रमुख) बेथ गोएट्झ यांनी सीझननंतर ब्रायन नसतील असं जाहीर केलं. हे वडिलांनी करायला हवं होतं.

मग ब्रायनच्या जागी टिम लेस्टर आले आणि २०२४ मध्ये १३ सामन्यांत ३६० गुण झाले. म्हणजे पहिल्याच वर्षी ३२५ची अट ओलांडली. चोर सापडला म्हणावं, तर तेही नाही. त्याच वर्षी विस्कॉन्सिनला ४२ घातले, पुढच्याच सामन्यात यूसीएलएला १७-२० हरलो. नेब्रास्काला शेवटच्या किकवर १३-१० हरवलं, तेव्हा आपले पूर्ण सामन्यात फर्स्ट डाउन पाच. मुलगा गेला, पण घराचा पिंड तोच आहे. माझं म्हणणं एवढंच की प्रश्न कोऑर्डिनेटरचा नाही, त्याच्या डोक्यावर बसलेल्या माणसाचा आहे.

पंटरभाऊ

आला सीझन संपल्याबरोबर वार्षिक धागा!

साहेब, ज्यांच्या डोक्यावर बसण्याबद्दल तुम्ही बोलताय ते १९९९पासून तिथे आहेत. १३ सप्टेंबर २०२५ला त्यांनी ओहायो स्टेटचे जुने कोच वूडी हेज यांना मागे टाकलं, २०६ विजय, बिग टेनमध्ये (आपल्या विद्यापीठांच्या गटात) कुणाचे इतके नाहीत. आणि आपण इथे पुरणपोळी खात त्यांना ऑफेन्स शिकवतोय.

आयोवाची लोकसंख्या साधारण ३२ लाख, एकट्या पुणे-पिंपरीत याहून जास्त माणसं राहतात. टेक्सास-फ्लोरिडातला विजेसारखा धावणारा पोरगा इथल्या जानेवारीत कशाला येईल? मग जे मिळतं त्यातून करायचं. जाड हाडाचे लाइनमन, शेतात वाढलेले टाइट एंड (समोरच्याला अडवणारे आणि पासही झेलणारे). किटल, हॉकिन्सन, फँट, लापोर्टा, हे काय आभाळातून पडले? २०१९ला एकाच कॉलेजचे दोन टाइट एंड व्यावसायिक लीगसाठी, एनएफएलसाठी, पहिल्या फेरीत ड्राफ्ट झाले, ते आपलेच.

राहिला पंट. मुंबईची रणजी टीम कशी खेळायची? खडूस. समोरच्याला चूक करू दे, आपण विकेट फेकायची नाही. फेरेंट्झ तेच करतात. पंट मारून समोरच्याला त्याच्या दहा यार्डांवर कोंडायचं आणि आपले डिफेन्सचे कोच फिल पार्कर यांच्या पोरांना सोडायचं. २०२३मध्ये पार्करना देशातल्या सर्वोत्तम सहायक कोचचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. पंटर टोरी टेलरला सर्वोत्तम पंटरचा रे गाय पुरस्कार. त्याने एका सीझनमध्ये ४,४७९ यार्ड पंट मारून १९३८पासूनचा विक्रम मोडला.

कणसांच्या_देशा

पंटरभाऊ, आयडीला जागलात! पण तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष दिलीत. पंटरचा विक्रम कधी होतो? ऑफेन्स पुन्हा पुन्हा हात हलवत परत येतो तेव्हा. अग्निशमन दलाला विक्रमी बंब पाठवावे लागले म्हणून कुणी गावाचं कौतुक करत नाही.

आणि खडूस मुंबई धावाही करायची. नुसती खेळपट्टीवर उभी राहून रणजी जिंकली नाही तिने.

नेपरविलचा_नवखा

मध्येच विचारतो, रागावू नका. मुलगा यंदा आयोवाला गेलाय म्हणून बघायला लागलो. डाउन कळलं: चार प्रयत्नांत दहा यार्ड. नाही जमलं तर चौथ्याला लाथ मारून चेंडू लांब देऊन टाकायचा, तो पंट. पण ही सेफ्टी काय भानगड आहे? चेंडू त्यांच्याकडे आणि गुण आपल्याला?

पंटरभाऊ

@नवखा, हो, तेच तर सौंदर्य! समोरचा चेंडू घेऊन स्वतःच्याच एंड झोनमध्ये पाडला गेला की आपल्याला दोन गुण, आणि वर चेंडूही आपल्याकडे येतो. म्हणजे शेजाऱ्याला त्याच्याच न्हाणीघरात अडकवायचं. यासाठी आधी त्याला तिथपर्यंत ढकलावं लागतं, आणि ढकलतो कोण? पंटर.

आकडेमोड्या

२०२५चे पराभव बघा. आयोवा स्टेट १३-१६, इंडियाना १५-२०, ओरेगॉन १६-१८, यूएससी २१-२६. चारही पराभवांचा फरक मिळून १५ गुण. त्यातली इंडियाना पुढे राष्ट्रीय विजेती झाली. दोन-तीन चेंडू इकडचे तिकडे पडले असते, तर हाच धागा 'फेरेंट्झना पुतळा कधी?' या नावाने निघाला असता. इतक्या थोडक्यातल्या निकालांतून कोचचा स्वभाव काढणं म्हणजे चहाच्या भांड्यातल्या पावडरीवरून भविष्य सांगणं.

कणसांच्या_देशा

आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. सामने इतके थोडक्यात येतातच का? आपण ते तसे आणतो म्हणून. दुबळ्या टीमशीही आपण जवळचा सामना खेळतो, बलाढ्य टीमशीही. सगळ्यांशी सारखाच व्यवहार, समाजवादी ऑफेन्स!

(इंडियानाचं मात्र मान्य. तो पराभव आता शोभून दिसतो.)

सांगलीचा_शिलेदार

घराणेशाहीवर कुणी बोलेना, म्हणून मी बोलतो. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे बापाला पोराचा साहेब होता येत नव्हतं, म्हणून कागदावर ब्रायनचे वरिष्ठ अॅथलेटिक डायरेक्टर गॅरी बार्टा. हे वाचून मला गावाकडच्यासारखं वाटलं. आमच्याकडे साखर कारखान्यात चेअरमनचा मुलगा लागला की तोही 'कार्यकारी संचालकांना रिपोर्ट' करतो. गाळप किती झालं ते कुणी विचारायचं नाही.

फरक एवढाच की आमच्याकडे ३२५ पोत्यांची अट करारात कुणी लिहिली नसती. तेवढं तरी यांनी केलं.

पंटरभाऊ

शिलेदार, टाळी! पण ब्रायन २०१७ला कोऑर्डिनेटर झाला त्याआधी तिथेच ऑफेन्सिव्ह लाइनचा कोच होता आणि त्याआधी एनएफएलच्या पॅट्रियट्समध्ये. रिकाम्या हाताने आलेला नव्हता. २०२३मध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे ऑफेन्स चालवणारा, पास टाकणारा केड मॅकनमारा, त्याचा गुडघा गेला, तेही धरा.

सांगलीचा_शिलेदार

धरलं. गुडघा सप्टेंबरअखेर गेला. १३०वा नंबर त्याच्या आदल्या वर्षीचा आहे.

मॅडिसनची_मावशी

पोरांनो, तुमचं दुःख ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विस्कॉन्सिनची. सलग चार वर्षं तुम्ही आम्हाला हरवताय, आपल्या सामन्याची ट्रॉफी, तो पितळी बैल, तुमच्याकडेच आहे. यंदा तर आमच्याच घरी येऊन ३७-०.

आता ऐका. आम्हीही अगदी तुमच्यासारखेच होतो. रन, रन, पंट, जिंक. मग आमच्या लोकांना वाटलं, हे जुनाट झालं, जरा आधुनिक व्हावं. २०२३ला ल्यूक फिकेल आले, बरोबर फिल लाँगो यांचा मोकळा, फेकाफेकीचा एअर रेड ऑफेन्स. रन-रनवाल्या जुन्या कोचच्या, बॅरी अल्वारेझच्या गावात एअर रेड! उकडीच्या मोदकात चीज. नोव्हेंबर २०२४मध्ये लाँगोंना सीझन संपायच्या आत काढलं. त्या वर्षी ५-७, सलग २२ वर्षं सीझननंतरचा बोल सामना खेळत होतो ते तुटलं. २०२५ला ४-८. घर पाडून नवं बांधायला काढलं आणि आता पावसात उभे आहोत.

तेव्हा कणसांच्या देशा, जे मागताय ते जपून माग रे बाबा.

कणसांच्या_देशा

मावशी, तुमच्यापुढे हात जोडले. हा या धाग्यातला एकमेव प्रतिसाद ज्याने मी थोडा हललो.

पण मी एअर रेड मागतच नाहीये. २०२४मध्ये केलेब जॉन्सन १,५३७ यार्ड धावला, २१ टचडाउन धावून केले. तेच आपलं जेवण, मला त्यात काही बदल नको. मला हवंय की २१-१० पुढे असताना पहिल्या हाफमध्ये जे चाललं तेच दुसऱ्यात चालू ठेवावं. घर पाडू नका, निदान खिडक्या तरी उघडा.

डे_मॉइनची_डॉक्टरीण

सगळे थर्ड डाउनवर अडकलेत. मी गेल्या वर्षी पहिल्यांदा किनिकला गेले. पहिला क्वार्टर संपला आणि जवळजवळ सत्तर हजार माणसं मैदानाकडे पाठ करून उभी राहिली, समोरच्या मुलांच्या हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यांकडे बघून हात हलवत. काचेमागे छोटे हात दिसतात, एखादा सलाइनचा स्टँडही. २०१७पासून दर सामन्याला हे होतं. स्कोअर काय होता, आठवत नाही मला. तुमचं वैतागणं कळतं, पण जरा जास्तच होतंय.

सांगलीचा_शिलेदार

डॉक्टरीणबाई, त्या हात हलवण्याच्या लाटेबद्दल एकही शब्द विरुद्ध बोलणार नाही. पण ती प्रेक्षक करतात, कोच नाही. थर्ड डाउनला सात यार्ड हवे असताना तीन यार्डांचा पास का टाकला, हे विचारलं म्हणून लाट थांबत नाही.

आकडेमोड्या

एक फाटा. २०२२च्या त्या ७-३ सामन्यात समोरच्या टीमचा क्वार्टरबॅक कोण होता, आठवतंय का? मार्क ग्रोनाउस्की. तोच २०२५मध्ये आपला क्वार्टरबॅक. आपल्या ऑफेन्सने एकही टचडाउन न करता त्याला हरवलं होतं, हे त्याने स्वतः मैदानातून पाहिलंय. तरी आला! याला म्हणतात जिगर.

नेपरविलचा_नवखा

तो गेला ना आता? मग पुढच्या वर्षी कोण? मुलगा म्हणतो सीझन पास काढू या.

कणसांच्या_देशा

गेला, त्याची वर्षं संपली. कोणीही येवो, पहिल्या तीन सामन्यांत त्याला पास टाकू देतील आणि ऑक्टोबरात चेंडू पोटाशी धरायला शिकवतील. पास काढा. मी पण काढणारच आहे, मला काय दुसरं काम आहे.

आजोबा अजून त्याच बाकावर असतात. ओरेगॉनच्या सामन्यात दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना आपण १६-१५ पुढे गेलो. तेवढ्या वेळात ओरेगॉनने आपल्या मैदानाचा अर्धा रस्ता कापला आणि शेवटच्या सेकंदांत किक मारायला उभे राहिले. मी आजोबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते. मी मिटले. आवाज आलाच, थड्, पण या वेळी लाथ त्यांची होती.

पंटरभाऊ

सप्टेंबरात सामन्याआधी टेलगेटला या. पार्किंगमध्ये वडे तळतो दर वेळी, आजोबांनाही आणा. अट एकच: पहिल्या पंटला उभं राहून टाळ्या वाजवायच्या.

कणसांच्या_देशा

वडे किती देता त्यावर ठरवतो.